न पाहिलेलं मशीन

अबे, ते बोगस सरकीच्या बियाण्याची केस आठवते का? पोलिसांनी आरोपीच्या कंप्युटरातलं सारं काढलं. कोणत्या मशीननं काढलं, हे ठाणेदारानं जजसाहेबालेही सांगतलं नाही. म्हणे सरकारी गुपित हाये!

दुसऱ्याच दिवशी हवालदार तेच मशीन दुपट्ट्यात गुंडाळून माह्या रिपेरिंगच्या दुकानात हजर. बंद पडलं होतं. आधी कागदावर माही सही घेतली, "मी कोणतंही मशीन पाहिलेलं नाही." मंग माह्याकडून दुरुस्त करून नेलं.

आठ दिवसांनी घामाघूम होऊन आला. "अरे, तू दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा बंद पडलं! उद्या कोर्टात तारीख हाये!"

म्हटलं, "कोणतं मशीन, हवालदारसाहेब? म्या तं पाह्यलंच नाही. तुमच्याच फाईलीत लिहून हाये!"