मंग आता मॅनेजर कोन?

…आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही! कशानं, ते सांगितलं तर हसाल. हसा, माझं काय जातंय! तन्वीला खोकला होता? नव्हता. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बोंडअळी घुसली म्हणून? ती तर गणपतीपासून घुसलीय, तिच्यापायी उडायची तेवढी झोप उडून झाली, आता सवय झाली. मी जागी होते ती एकाच चिंतेनं… की नवजवान फुटबॉल क्लबचा नवा मॅनेजर कोण होणार! मी! जिला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की तो गोल असतो. डी.एड. झालेली बाई, बालमानसशास्त्रात वर्गात पहिली, आणि अंथरुणात पडून पत्र्याकडे बघत नावं घोळवतेय… आसिम होईल? किसनराव होतील? आणि शेजारी आमचे हे, तन्वीचे बाबा, असे घोरताहेत जसा काही यांचा या जगाशी संबंधच नाही. होता हो, संबंध यांचाच होता!

थांबा, मधूनच सांगतेय. माझं हे असंच होतं. तुम्हाला सांगते, आमचं गाव लोणारपासून एसटीनं अर्धा तास आत. अशा गावात फुटबॉल क्लब कशाला असेल? पण आहे. फार वर्षांपूर्वी कोण्या मास्तराची इकडे बदली झाली, त्यानं पोरांच्या पायाशी बॉल टाकला, आणि तेव्हापासून आमचं गाव दरवर्षी देऊळगाव राजाच्या टीमकडून हरतंय. खेळणारे अकरा, बोलणारं अख्खं गाव! आणि या सगळ्यांना सांभाळणारा एक, बद्रुद्दीन चाचा. मॅनेजर. आता मॅनेजर म्हणजे तुम्हाला वाटेल कोट घालून खुर्चीत बसणारा. छे! बॉलमध्ये हवा भरणं, जर्सी धुऊन वाळत घालणं, कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या हातापाया पडून फॅक्टरीमागचं मैदान मागणं, आणि हरलो की सगळ्यांच्या शिव्या निमूट ऐकणं, याला आमच्याकडे मॅनेजर म्हणतात. मी म्हटलं, अगंबाई, ही तर सून झाली!

तर चाचांचे गुडघे गेले. त्यांची बायको इमामबी वारल्यापासून घरात एकटेच. जालन्याहून पोरगी आली, म्हणाली, अब्बा, बस झालं, चला माझ्याकडे. आणि ज्या दिवशी हे गावाला कळलं त्या दिवसापासून, विश्वास ठेवा, या गावात दुसरा विषय नाही. एसटी स्टँडवर तेच, पानठेल्यावर तेच, दळण आणायला जा, तिथं चक्कीच्या आवाजावर ओरडून तेच… ‘मंग आता मॅनेजर कोन?’

सकाळी किसनरावांच्या ओट्यावर बैठक. किसनराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, बोलतात असे जसं प्रत्येक शब्दावर शिक्का मारून देताहेत. “मॅनेजर… असा पाह्यजे… की ज्याचा वचक पाह्यजे!” लगेच आसिम, तो कृषी केंद्रवाला, बियाणं-फवारणीचं दुकान त्याचं, तो म्हणतो, “वचक कायले बे पाह्यजे, काका? डोकं पाह्यजे! बचाव तर पाहा आपला, चाळणी आहे चाळणी!” आणि हे बोलताना त्या दोघांच्या हातात काय असतं सांगू? बोंड. कपाशीचं हिरवं, टपोरं बोंड. येताना कोणीतरी तोडून आणतोच. बोलता बोलता अंगठ्यानं फोडायचं, आत पाहायचं, आत ती गुलाबी अळी आरामात लोळत असते, मग बोंड नालीत फेकायचं, हात कपड्याला पुसायचा, आणि… ‘मंग आता मॅनेजर कोन?’

त्या अळीबद्दल कोणी बोलत नाही! बीटी कपाशीला ही अळी लागतच नाही म्हणून पाकिटावर फोटो दाखवून आसिमनंच बियाणं विकलं, त्याला तसंच सांगितलं होतं वरून, त्याच्या स्वतःच्या वावरातही तेच बियाणं पेरलंय. कोण कोणाला बोलणार? कोणी उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला, कोणी ढोरं सोडली. दरवर्षी दिवाळी झाली की जिनिंगच्या त्या मैदानावर कापसाच्या गंज्या लागतात आणि फुटबॉल बंद पडतो. यंदा मैदान झाडून ठेवल्यासारखं मोकळं. खेळा म्हणावं, वर्षभर खेळा! शेठ आता परवानगीलाही नाही म्हणत नाही. पण हे बोलायचं कसं? त्यापेक्षा मॅनेजर बरा.

आणि मी मूर्ख! आधी मला वाटलं, हे फुटबॉलचंच बोलताहेत. त्या रात्री पत्र्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं… आसिमचं नाव का मागं पडलं? त्याला खेळातलं कळत नाही म्हणून? नाही हो! तो दुकान उचलून देऊळगाव राजाला चाललाय म्हणून. किसनरावांचं का पडलं? पोरगा त्यांना पुण्याला नेतोय म्हणून. एकेक नाव निघतं, सगळे ‘हाव, हाव, बराबर’ म्हणतात, आणि कोणीतरी हळूच खोकून सांगतं, “अरे, तो कुठी राह्यते आता…” झालं, नाव कटलं! म्हणजे हे मॅनेजर शोधतच नव्हते. पुढच्या वर्षी गावात राहणार कोण, तो माणूस शोधत होते!

आणि तिथंच मी अंथरुणात उठून बसले. कारण आमचं ठरलं होतं ना! शेगावला माझ्या भावाचं लॉज आहे, मंदिराच्या रस्त्यावर, त्याला काउंटरवर भरवशाचा माणूस हवाय. तन्वीला तिथं चांगली शाळा. मलाही कुठंतरी शिकवता येईल, नाहीतर ते बालमानसशास्त्र काय एका पोरीवर संपवायचं? आणि ते तरी कुठं लागू पडतंय! मी तिला शिकवते, ‘मला भूक लागली.’ ती म्हणते, ‘मले भूक लागली.’ असो. तर हे हो म्हणाले होते. “कापसाचा वेचा झाला की जाऊ.” पण आमच्या यांना नाही म्हणताच येत नाही. कोणी म्हणालं, ज्ञानेश्वर, बारशाचा पाळणा लाव, हे लावणार. ज्ञानेश्वर, मंडपाचे बांबू धर, हे पहाटेपर्यंत बांबू धरून उभे. यांना कोणी मॅनेजर हो म्हणालं तर? संपलं शेगाव!

म्हणून मी एक शहाणपणा केला. शिकलेल्या बायकांनी शहाणपणा करू नये, असा कायदा पाहिजे. मी शेजारच्या मंजुळाबाईंना गाठलं. या मंजुळाबाई म्हणजे… तुम्ही त्यांना सांगा की कोणाला सांगू नका, आणि घरी येऊन हातपाय धुवा, तोवर ते एसटीच्या कंडक्टरला कळलेलं असतं. मी अगदी हळू आवाजात म्हटलं, “काकू, तुम्हाला म्हणून सांगते, आम्ही जाणार हो शेगावला. कोणाला बोलू नका.” त्यांनी गळ्याची शपथ घेतली. मी निवांत झाले. म्हटलं, यांचंही नाव कटलं.

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेले तर बाया माझ्याकडे बघून हसताहेत. मंजुळाबाई मला बाजूला घेऊन म्हणतात, “पोरी, तुह्या नवऱ्याचंच नाव आहे वं पुढं!” म्हटलं, असं कसं? मी तर सांगितलं ना, आम्ही चाललो म्हणून! तर म्हणे, “त्यापायीच तर! किसनराव म्हने, ज्याची बायको गावभर नाही-नाही सांगत फिरते, समजून घ्या, घोडं त्याच्याच दारात बांधलं आहे. इलेक्शनमंदी नाही का, जो म्हनते मी उभा नाही राह्यत, तोच फॉर्म भरते!”

 डोकं धरून बसले. संध्याकाळी यांना विचारलं, तर हे म्हणतात, “मले काऊन करतील वं मॅनेजर?” आणि असं म्हणताना आरशासमोर केस विंचरताहेत! मी म्हटलं, बरं, नका होऊ. तुम्ही फक्त एक करा, कोणी विचारलं तर नाही म्हणा. म्हणा पाहू, माझ्यासमोर, एकदा. तर म्हणतात, “आता तर कोनी विचारलंच नाही, कोनाले नाही म्हनू?”

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, हे वावरात, तन्वी अंगणात मातीची भाकरी थापतेय, आणि दारात बद्रुद्दीन चाचा. पांढरे कपडे, कानात अत्तराचा बोळा, मागे रिक्षात सामान बांधलेलं, हातात पिठाची पिशवी. म्हणाले, “बेटा, मी निघालो. बसची वेळ झाली. हे जरा ठेवतेस का घरात?”

तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? ऐंशीला टेकलेला माणूस, गाव सोडून चाललेला, माझ्या लग्नात पंगतीत स्वतः वाढत होता. मी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांनी पिशवी घेतली, चाचांच्या पाया पडले, चहा दिला, तन्वीलाही पाया पडायला लावलं. म्हटलं, पीठबीठ असेल, नाहीतर पोरीला खाऊ. चाचांचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय माझे संस्कार! चाचा म्हणाले, “अल्ला खुश ठेवो. आता मले फिकीर नाही.” गेले. मी पिशवीत हात घातला… बॉल!

समोरच्या ओट्यावर मंजुळाबाई तोंडाला पदर लावून उभ्या. म्हणाल्या, “झालं वं बाई!”

काय झालं? तर ऐका, ही गावची रीत, जी मला सहा वर्षांत एका माणसानं सांगितली नाही! ज्या घरची बाई बॉल दारात हातात घेईल, मॅनेजर त्या घरचा. त्या मास्तराची इथून बदली झाली तेव्हा तो तानुबाईच्या हातात बॉल देऊन गेला, तिचा नवरा मॅनेजर झाला. तो थकला, तेव्हा तो इमामबीच्या हातात देऊन आला, चाचा झाले. पुरुषाला विचारतच नाहीत! मंजुळाबाई म्हणाल्या, “बाप्या मानूस काहीबी कारन सांगते. दारात आलेल्याले घरची बाई थोडीच नाही म्हनते!” आणि मी तर साधा घेतला नाही हो… पदर घेऊन, पाया पडून, चहा पाजून घेतला! कोणत्याच बाईनं इतक्या इतमामानं घेतला नसेल!

मी पिशवी घेऊन रस्त्याकडे पळाले, पण रिक्षा वळलीसुद्धा.

सांज व्हायच्या आत अंगण भरलं. किसनराव, आसिम, ती पोरं, त्यांचे बाप, आणि ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नाही ते सगळे. तेवढ्यात हे वावरातून आले, हातात फवाऱ्याचं नळकांडं. गर्दी पाहून दचकले, म्हणाले, “काय झालं? घरी बरं आहे ना?” किसनराव म्हणाले, “ज्ञानेश्वर… बॉल… तुह्या घरी आला.” यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू घेतला?”

मी हो म्हटलं. आणि मग यांचा चेहरा… काय सांगू तुम्हाला. अळी लागल्यापासून हा माणूस घरात असा वावरतोय जसा दुसऱ्याच्या घरी आलाय. ताटात काय वाढलं ते बघत नाही. आणि आता ओठ दाबून, कोणाला दिसू नये असं हसू दाबत उभा. मला ते दिसलं. मला दिसायला नको होतं.

पण मी मन घट्ट केलं. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, “काका, चूक झाली. मला रीत माहीत नव्हती. आम्ही शेगावला चाललोय. मी बॉल आणून देते, तुम्ही दुसरं घर पाहा.”

 नेहमी बोलणारी ती सगळी माणसं, एकजण बोलला नाही! आसिमनं जमिनीकडे पाहिलं, किसनरावांनी उगाच टोपी काढून झटकली. कोणाच्या तोंडून ‘मंग आता मॅनेजर कोन’ निघालं असतं तरी मला बरं वाटलं असतं. यांनी एवढंच म्हटलं, “हाव, बराबर आहे तिचं. ठरलं आहे आमचं.” पहिल्यांदाच नाही म्हणाले हो! मला हवं तसं, अगदी मला हवं तिथं… आणि मला कसंतरीच वाटलं.

तशीच आत गेले. तन्वी चटईवर बसलीय, मांडीवर बॉल, माझी चांगली ओढणी त्याच्याभोवती गुंडाळलेली. मी शेजारी उकिडवी बसले. मुलांना कारण समजावून सांगावं, पर्याय द्यावा, हे सगळं मी परीक्षेत लिहिलंय. बाहेर सगळ्यांना ऐकू जातंय. मी गोड आवाज काढला, म्हटलं, “बाळा, हा बॉल आपला नाही. तो त्या काकांना परत द्यायचा. आपल्याला शेगावला मामाकडे जायचंय ना? तिथं मोठी शाळा, मोठी बाग. आता तू सांग, बॉल पाहिजे, की शेगाव?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. बॉलकडे पाहिलं. दारातून दिसणाऱ्या बापाकडे पाहिलं. मग माझ्या गालावर हात ठेवून, मी तिला समजावते ना, अगदी तसल्याच आवाजात म्हणाली, “तू जाऊन ये मामाकडं. बॉल मी अन् बाबा पाहतो. येतांनी मले कचोरी आन.”