क्रँकशाफ्टचा कोपरा

…नाही नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? सासूबाईंनी चहा दिला, मी कप हातात घेतला, सवयीने चमच्याने हलकेच वाजवून बघितला, कप म्हणाला 'ठप्'… आणि मी चारचौघांत सांगून मोकळा झालो, "या कपाला तडा आहे!" आता तो कप नेमका मेहुण्याने हौसेने आणलेल्या नव्या सेटमधला निघाला, हा काय माझा गुन्हा? सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, कप चहा प्यायला असतो, वाजवायला नसतो." मेहुणा म्हणाला, "दाखवा बरं कुठाय तडा!" म्हणून मी कप त्याच्यासमोर धरला, तर खालून टिप टिप टिप… थेट त्याच्या विजारीवर! झालं! सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच फोडला! अहो, तडा आधीपासून होता, मी फक्त ऐकला! पण नाही. सासर असो नाहीतर कारखाना, आपल्या नशिबी एकच. तुटला की माझा, फिरला की सगळ्यांचा!

फिरला म्हणजे काय, विचारा ना? कुणीच विचारत नाही, तेच तर दुखणं आहे! तुम्हाला सांगतो, मी क्रँकशाफ्ट काढतो. काढतो म्हणजे कागदावर, पुढे घडवणारे वेगळे. आता इंजिनात काय होतं, पिस्टन जातो वर-खाली, वर-खाली, आणि चाकं तर गोल फिरायला हवीत, मग हे वर-खालीचं गोल करायचं कुणी? सायकलवर तुमचे पाय वर-खाली होतात आणि पायडलची दांडी गोल फिरते की नाही? तसलीच दांडी, फक्त लोखंडाची, भरभक्कम, वाकडीतिकडी, आणि तिच्यावर क्षणाक्षणाला स्फोटांचे दणके! आमच्या आईने हे सगळं मन लावून ऐकलं आणि शेजारणीला काय सांगितलं? "तो ना, कारखान्यात दांड्या वाकवतो." शेजारीण म्हणाली, "अगंबाई! एवढं शिकून?"

बरं, वाकडी दांडी काढायला काय लागतं, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटायचं! पण ती ज्या घरात राहणार, त्या घरातली माणसं बघा! एक आमचा बेअरिंगवाला. शाफ्ट ज्यात फिरतो ती बेअरिंगं याची. नाकात बोलतो, "मला जरा रुंदी वाढवून द्या नां, एवढींशी!" दुसरा ब्लॉकवाला, म्हणजे इंजिनाचा सांगाडा करणारा. त्याला सगळं आखूड हवं. "इंजिन बॉनेटखाली बसायला नको का? आवरा जरा, आवरा!" एकाला रुंद हवं, दुसऱ्याला आखूड हवं, मग मधल्या मध्ये मी जागा आणू कुठून? तर दोघं मिळून माझ्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात!

आता हा कोपरा म्हणजे सगळ्या रामायणाचं मूळ. शाफ्टला जिथे जिथे वळण आहे ना, तिथे आतल्या कोपऱ्याला छान गोलाई द्यावी लागते. गोलाई भरपूर असली की ताण सरकून जातो, कमी केली की तिथेच साठतो, साठतो, आणि एक दिवस… कडाड! पण दिसायला काय, कोपराच तो! "थोडी कमी केली तर कुणाला कळणारे?" असं म्हणून म्हणून पहिल्या शाफ्टची गोलाई थोडी गेली. तुटला. दुसऱ्याची आणखी थोडी गेली, कारण बेअरिंगवाल्याची रुंदी तोवर वाढली होती. तोही तुटला, त्याच कोपऱ्यात! आणि मिटिंगमध्ये सगळे माना खाली घालून बसलेले, बोट मात्र माझ्याकडे. तुटला की माझा!

साहेब आमचे कधी ओरडत नाहीत, तेच वाईट. चष्मा पुसत पुसत मऊ आवाजात म्हणाले, "असं करू या, तिसरा एक करून बघा. हाही गेला तर शाफ्ट आपण बाहेरून आणू. तुम्हाला पॅकिंग विभागात चांगली जागा आहे. तिथे खोकी काढायची असतात." खोकी! अहो, अर्धं आयुष्य मी शाफ्टमध्ये घातलं, स्वप्नातसुद्धा गोल फिरतो मी, आणि आता खोकी? खोक्याला तर कोपऱ्याशिवाय दुसरं काही नसतंच!

मग मात्र मी ठरवलं, जगबुडी आली तरी कोपरा द्यायचा नाही. पुढच्या मिटिंगला बेअरिंगवाला सुरू झाला, "एवढींशी गोलाई…" मी म्हटलं, "उभे राहा." घाबरून उभा राहिला बिचारा. म्हटलं, "तुमच्या शर्टाचा खिसा बघा. कुठे उसवलाय?" बघतो तर कोपऱ्यात! "ब्लॉकवाले, तुमचा?" तोही कोपऱ्यात! साहेबांनी हळूच स्वतःच्या खिशावर हात ठेवला. ती मिटिंग मी जिंकली, तुम्हाला सांगतो! बेअरिंगवाल्याने रुंदी सोडली, ब्लॉकवाल्याने कुरकुरत केसभर जागा दिली, आणि जाता जाता दोघंही म्हणाले, "पण तुटला तर तुमचा हं!" म्हटलं, माझाच बाबांनो, माझाच. नवीन काय त्यात?

मग चाचणी. इंजिन एका खोलीत बांधून ठेवतात आणि पळवतात, पूर्ण ताकदीने, दिवस नाही रात्र नाही. ती खोली ज्याच्या ताब्यात, त्याला आम्ही भोंगा म्हणतो. आयुष्यभर इंजिनांशेजारी उभा राहिलेला माणूस, कानात सांगायची गोष्टही तो ओरडूनच सांगतो. मी काचेला नाक लावून उभा, आणि हा, "अहोऽऽ! घरी जाऽऽ! तुम्ही बघून तो थांबणाराय काऽऽ?"

पण घरी जाऊन तरी काय करणार? इंजिन उघडल्यावर शाफ्टची एक परीक्षा असते, तुम्हाला सांगतो. त्याला दोरीने टांगायचं आणि लाकडी हातोड्याने एक ठोका द्यायचा. धडधाकट असला तर देवळातल्या घंटेसारखा वाजतो, तडा असला तर नुसतं 'ठप्'. पुढे यंत्रावरची तपासणी असतेच, पण आमच्याकडे आधी ठोका, मग यंत्र. झालं, मला तोच नाद लागला! वाटी वाजव, तांब्या वाजव, जिन्याचा कठडा वाजव… बायको म्हणते, "अहो, पोळी वाढलीय, ताट कसलं वाजवताय?" आणि त्यातच तो सासूबाईंचा कप. परतताना मला वाटलं, आता बायको रागावणार. तर म्हणते, "कपाचा तडा ऐकू आला ना? मग तुमच्या शाफ्टमध्ये नसेल. मला खात्री आहे." काय सांगू तुम्हाला… रस्त्यातच डोळे भरून आले माझे. एवढ्या वर्षांत शाफ्टला 'तुमचा' म्हणताना कुणाचा आवाज इतका गोड लागला नव्हता!

काल इंजिन उघडलं. शाफ्ट टांगला. सगळे गोळा झाले, साहेब, बेअरिंगवाला, ब्लॉकवाला… आणि भोंग्याने हातोडा माझ्याच हातात दिला. "माराऽऽ!" हात उचलेना हो! ठोका मारला नाही तोवर तो धडधाकटच की! मारला म्हणजे कळणार… डोळे मिटले, बायकोचं वाक्य आठवलं आणि दिला ठोका.

टण्णऽऽऽऽ!

वाजतोय, वाजतोय, थांबायचं नाव नाही! भोंगा, ज्याला कुणाचं काही ऐकू जात नाही, तो चक्क हळू आवाजात म्हणाला, "वा." पाठोपाठ यंत्रावरची तपासणीही झाली, कुठे केसाएवढीही रेघ नाही. मी हसतोय का रडतोय, माझं मलाच कळेना. तोवर बेअरिंगवाला हात मिळवत फिरायला लागला, "आमचं बेअरिंगंच तसं आहे नां!" ब्लॉकवाला म्हणाला, "सांगाडा भक्कम असला की आतलं टिकतंच!" फिरला की सगळ्यांचा! म्हणू दे. काल मला कुणाचाच राग येत नव्हता.

मग साहेब आले. चष्मा पुसला, शाफ्टवरून प्रेमाने हात फिरवला. मऊ आवाजात म्हणाले, "शाबास. खोकी विसरा." मी पाया पडायचाच बाकी होतो! तर पुढे म्हणतात, "पण एवढं करूनही तुटला नाही, म्हणजे लोखंड जरा जास्तच झालंय. हलका करा थोडा."

आता बोला! तुटला म्हणून दोनदा काढला, आणि नाही तुटला म्हणूनही पुन्हा काढायचाच! सकाळपासून बसलोय काढत. होईल हो हलका, नक्की होईल… फक्त, तो बेअरिंगवाला मघापासून दारात घुटमळतोय, आणि आज नेमका बिनखिशाचा शर्ट घालून आलाय.