माझ्या नावाचा व्हिसा

—नाही गं, उघडते की खिडकी, जरा खालून दाबायची आणि मग वर ढकलायची, अशी—बघ! खोली छान आहे, घेऊनच टाक. पसाऱ्याकडे बघू नकोस, ही सगळी खोकी आज हलणार आहेत. बस ना, तिथेच बस गादीवर. मी जरा जास्तच बडबडतेय, मला कळतंय, पण सकाळपासून असंच चाललंय माझं. मला वर्क व्हिसा मिळाला! काल! कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईलाही सांगून आले. ती म्हणाली, पिशवी देऊ का?

तू पहिल्याच वर्षाला ना? मग आत्ताच ऐकून ठेव, मला कुणी धड सांगितलं नव्हतं. पदवी मिळाली की लगेच हाकलत नाहीत आपल्याला. शिक्षणानंतरचा एक व्हिसा असतो, त्यावर कुठेही नोकरी करता येते, कंपनीला काही करावं लागत नाही. पण तो मुदतीचा, आणि परत मिळत नाही. मला वाटलं, भरपूर वेळ आहे—भरपूर कसला, डोळ्यांदेखत संपत आला! मग दुसरा, कंपनी स्पॉन्सर करते तो. त्याला कंपनीकडे बाहेरची माणसं ठेवायचा सरकारी परवाना लागतो. मुलाखत अशी रंगात आलेली असायची, सगळे हसताहेत, आणि मग कुणीतरी हळूच विचारायचं, ‘स्पॉन्सरशिप लागेल का?’ मी हो म्हटलं की लगेच फाइल बंद, ‘कळवतो हं!’ तिसरा म्हणजे पुन्हा शिकायला बसायचं, पीएचडी. आई फोनवर म्हणाली, ‘अगं किती शिकशील, डोळे बघ तुझे!’ आणि चौथा—चौथ्याचं जाऊ दे.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, आणि निघाले होते कुठे, तर बँकेत मुलाखतीला! तोवर मी दिसेल तिथे अर्ज टाकत सुटले होते. तर लिफ्ट मधेच बंद पडली. सोबत एक आजोबा, हातात झाडाची कुंडी, त्यांना दरदरून घाम. म्हटलं, आजोबा, घाबरू नका, दोर तुटला तरी ही खाली पडत नाही, ब्रेक आहेत ना, ते रुळांना घट्ट धरून ठेवतात—आणि मग मी थांबतेय कसली! हातवारे करकरून अख्खी लिफ्ट समजावली त्यांना. बाहेर दुरुस्तीवाली बाई सगळं ऐकत होती. दार उघडून पहिलं काय विचारलं तिने? ‘कुठे काम करता?’ म्हटलं, कुठेच नाही, मुलाखत होती ती आत्ता चुकली. म्हणाली, ‘बरं झालं!’ त्यांच्या लिफ्टच्या कंपनीला इंजिनीअर मिळतच नाहीत गं, सरकारच्या टंचाईच्या यादीत आहे हे काम, आणि कंपनीकडे परवानाही आहे. मुलाखतीत साहेबीणबाई म्हणाल्या, ‘स्पॉन्सर तर करूच, पण तुम्हाला उंचीची भीती वाटते का?’ वाटते! भयंकर वाटते! मी म्हटलं, छे हो. बाबा म्हणतात, म्हणजे दिवसभर लिफ्टमध्ये उभं राहायचं का?

नोकरी दुसऱ्या शहरात आहे, म्हणून तर खोली सोडतेय. नाहीतर मी कुठली सोडते—इथे घरमालकीण काकू आहेत, वरच्या खोलीत काकूंचा भाचा—नाही, काही नाही, भाचा आहे एवढंच. चष्मेवाला. कवळ्या बनवतो. हसू नकोस, फार नाजूक काम असतं ते. इथलाच झालाय तो, कायमचा. बरं, सांगतेच, चौथा पर्याय म्हणजे लग्न. भांडी घासता घासता म्हणाला, ‘माझ्याशी लग्न कर ना, व्हिसा मिळेल. फक्त कागदोपत्री.’ कागदोपत्री! मी कढई अशी आपटली की काकू धावत आल्या. मग कितीतरी दिवस जिन्यात तो दिसला की मी फोन कानाला लावायचे, पलीकडे कुणी नसायचं. बिचारा मदतच करत होता की. मग मला एवढं झोंबलं का? कारण मला ते कागदोपत्री नको होतं ना—अय्या, हे मी तुला का सांगतेय? पण तूच सांग, तेव्हा हो म्हटलं असतं तर जन्मभर कळलं नसतं, मी त्याच्यासाठी हो म्हटलं की शिक्क्यासाठी. आता शिक्का माझा, माझ्या कामाचा. आता मी विचारणार त्याला. कवळ्या काय, तिथेही लागतच असतील, म्हातारे सगळीकडे असतात. आणि नाही म्हणाला तर? नाही म्हणाला तर मी लिफ्टच्या वर चढून रडेन, तिथे कुणी बघायला येत नाही—

आला वाटतं. माझे केस ठीक आहेत ना? ये रे, ये. ही खोली बघायला आलीय. ते जड आहे, काचेच्या बश्या आहेत त्यात, सांभाळून—अरे, थांब, ऐक आधी. माझ्याशी लग्न करशील? नाही, व्हिसा मिळालाय मला, माझा मला मिळालाय, तसं नाही विचारत. खरंखुरं विचारतेय. अरे खोकं! राहू दे, फुटू देत बश्या, पाय काढ तिथून. काय म्हणालास? मोठ्याने म्हण, मला ऐकू नाही आलं. आलं, पण परत म्हण—

अगं, तू अजून इथेच? खोली तुझी, पक्की, काकूंना मी सांगते. आता जा ना गं बाई, आणि दार ओढून घे.