जावयाने बसवलेला टर्बो

— नाही, तशी नाही उघडत ती. बॉनेट आधी जरा दाबा, मग आतली कळ सरकवा — हां. आता बघा पोटभर. गाडी विकायची जाहिरात वाचून लोक येतात आणि मनातल्या मनात हसतात, मला कळतं ना — एवढीशी तीन सिलिंडरची गाडी आणि तिला म्हणे टर्बो! तुम्ही नाही हसलात, बरं वाटलं. टर्बो भंगारातला आहे, लपवत नाही. एक डिझेल गाडी मागून ठोकलेली, भंगारवाल्याच्या आवारात पडून होती, तिचा काढला. धुरांड्यातून फुकट जाणाऱ्या धुरावर चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं — बाकी काही जादू नाही. ही जोडणीची जाड लोखंडी चकती दिसतेय? ती मी कातली. चौतीस वर्षं लेथवर काढलीत, रिटायर झालो म्हणून हात नाही रिटायर होत. आणि या वायरी, तो कॉम्प्युटरचा डबा — ते जावयाचं काम. आमच्या जावईबापूंचं. होते. म्हणजे — असो.

गाडी माझ्या बायकोची. चढ आला की धापा टाकायची — गाडी हो, बायको नाही. ही पंखा बंद करायची, खिडक्या वर घ्यायची आणि स्टिअरिंगवर पुढे झुकून बसायची, जणू हिच्या झुकण्यानेच गाडी चढणार आहे. ही गेली, आणि मी या शेडमध्ये स्टूल टाकून नुसता बसायला लागलो. पाने-स्क्रूड्रायव्हर पुसायचे, परत लावायचे, परत पुसायचे. एका रविवारी जावई आले, गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "बाबा, हिला टर्बो बसवू या." म्हटलं, डोंबलाचा टर्बो! पण पुढच्या रविवारी आम्ही दोघं भंगारात, ते धूड हातात घेऊन आतला दांडा हलतोय का बघत होतो. तेव्हापासून दर रविवारी. नऊला यायचा. पहिले दोन महिने अहो-जाहो, मग एकदा गाडीखाली पडल्यापडल्या तेल थेट त्याच्या कानात गळलं आणि मी ओरडलो, "अरे गाढवा, डोकं बाजूला घे!" — तिथून अरे-तुरे. मुलगा नव्हता मला. साठी उलटल्यावर मिळाला म्हटलं, उशिरा का होईना.

वेळ? वर्ष लागलं. तुम्हाला गाड्यांतलं कळतं, म्हणून विचारताय. चार महिन्यांचंच काम होतं हे. त्या चकतीची भोकं मी दोन मिलिमीटर चुकवली. मी! चौतीस वर्षांत ज्याच्या हातून अर्धा मिलिमीटर चुकला नाही तो. त्याने माप घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हरकत नाही बाबा, पुढच्या रविवारी परत कातू." मग तेल परत जायची नळी — तिला उतार लागतो, नाहीतर तेल तुंबतं, सील फुटतं — ती मी तीनदा वाकवून तीनदा काढली. मला वाटायचं, याला कळत नाहीये. खुळा मी. त्याला सगळं कळत होतं, कळत नव्हतं ते मला.

अखेर काम झालं. काय झालं म्हणून सांगू! घाटाचा तो लांब चढ, चौथ्या गिअरमध्ये, आणि कानाशी बारीक शीळ. मला हसू आवरेना, एकटाच मोठ्याने हसत होतो. वाटलं, लेकीला दाखवावं. बुधवार होता, न कळवता गेलो. तिने दार उघडलं. चपलांच्या मांडणीवर सगळ्या तिच्याच चपला. कामावर गेला असेल म्हटलं. पण मोरीत दात घासायचा ब्रश एक. खुंटीला टॉवेल एक. बाहेर येऊन विचारलं, "जावईबापू कुठायत?" तर ती भिंतीला टेकून म्हणाली, "बाबा, तो इथे राहत नाही. वर्ष होऊन गेलं. घटस्फोटाच्या सह्यासुद्धा झाल्या." मग रविवारी कोण येत होतं माझ्याकडे? तर म्हणे, "मीच सांगितलं होतं त्याला, आई नुकतीच गेलीय, बाबांना आत्ता कळू देऊ नकोस. दोन महिन्यांसाठी म्हटलं होतं. पुढचं तो आपलं आपण येत राहिला."

दर रविवारी मी विचारायचो हो, "कशी आहे रे आमची पोरगी?" आणि तो पाना फिरवत सांगायचा — सर्दी झालीय, पडदे बदललेत, तुमची आठवण काढते. पडदे! राहायचा कुठे तर एका खोलीत, भाड्याच्या, आणि माझ्या लेकीच्या खिडक्यांना पडदे लावत होता. पोटच्या पोरीने केसाने गळा कापला, तो जखमेसारखा भरेल कधीतरी. पण याने? शेजारी शेजारी पडून, एकाच दिव्याच्या उजेडात?

त्याच्या शर्टाला इस्त्री नसायची, हे मला दिसत होतं. जेवणाच्या डब्यातलं पुसून खायचा, तेही. एका रविवारी पाना हातात धरून नुसताच पडून राहिला होता, डोळे उघडे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर — ते जाऊ द्या.

नंतरच्या रविवारी आला. नऊला. मी शटर आतून ओढून घेतलेलं. "बाबा," म्हणाला. परत म्हणाला. मी या स्टुलावर श्वास धरून. पंधरा मिनिटं उभा होता, शटरखालून बूट दिसत होते. मग बूट गेले. तीन रविवार झाले.

काय? हो, डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा पेटलेला राहतो खरा. तो कॉम्प्युटरच्या सेटिंगचा भाग, मला नाही जमत. त्यालाच विचारावं लागेल. नंबर ना, पाठ आहे. पण तुमच्या फोनवरून लावा. माझा नंबर बघितला तर तो "बाबा" म्हणेल, आणि मग मला बोलावं लागेल. तुम्ही गिऱ्हाईक म्हणूनच बोला. स्पीकरवर टाका. मी इथे आहे म्हणून सांगू नका हं — बाबा कुठायत म्हणाला तर सांगा, आत गेलेत, बरे आहेत, मजेत आहेत. आणि दिव्याचं विचारून झालं की जरा — जेवतोस ना वेळेवर, असं — छे, ते कसं विचाराल तुम्ही. ते नको. वाजतोय. जवळ धरा, इकडे, माझ्या बाजूला — उचलला. श्श.