रानबोकडाची तंगडी

नारीनच्या पोलीस कचेरीत जुन्या बंदुकांची तपासणी होती. रांगेत बुर्माकानबाई उभ्या होत्या; त्यांच्या पुढे दोन शेजाऱ्यांची जुंपली होती.

“सोल्तो, माझ्या आजोबांच्या बंदुकीने रानबोकड मारलास. माझा वाटा कुठाय?”

“वाटेत भेटेल त्याने मागितला, एसेनदादा. रीतच आहे, मागणाऱ्याला शिकाऱ्याने नाही म्हणायचं नसतं.”

“अख्खा बोकड वाटलास?”

“शिंगं उरली.”

“थापा नकोत. कोण कोण भेटलं?”

“मास्तर, सुईण, टपालवाला. शेवटी वहिनी. बंदूक आमची म्हणाल्या अन् मागची तंगडीच नेली.”

“कधी?”

“शुक्रवारी.”

“शुक्रवारी मला तिने उकडलेले बटाटे वाढले.”

“हो? मला तुमच्या सासूबाईंनी जेवायला बोलावलं. रस्सा झकास होता.”

एसेनदादांनी बंदूक छातीशी धरली.

“पुढच्या खेपेला बंदूकही सासूबाईंकडेच माग.”