बटणवाल्याचं शहरदर्शन

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही तर इथलेच!" अहो, इथला म्हणजे काय? दातांत राहते म्हणून जीभ काय दंतवैद्य झाली? मी बटणं विकतो हो! बटणं, चेन, हूक, लेस, इलास्टिक... कुठल्या कोटाला कुठलं बटण, झोपेतून उठवून विचारा, सांगतो. पण कारंजं कुठल्या राणीचं, मनोरा कोणी बांधला, हे मला काय ठाऊक? कारंज्याला बटणं लागतात का?

पण हे आमच्या घरात कोण सांगणार! त्याचं असं झालं, मुलीचं लग्न झालं, जावई सोन्यासारखा, आणि त्याला नवी नोकरी लागली ती नेमकी आमच्याच शहरात. आता झालं ना सगळं छान? नाही! आमचे व्याही शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी अजून खिशातच. ते म्हणाले, "मोठ्या शहरात माणूस हरवतो. पोरं जाणार नाहीत." विषय संपला! विश्राम!

तेव्हा बायको म्हणाली, "अहो, व्याही-विहीणबाईंना बोलावून घ्या, भुयारी गाडीने शहर दाखवा. एकेका स्टेशनाला उतरायचं, वर यायचं, बघायचं, परत खाली. त्यांचं मन वळलं तर पोर डोळ्यांसमोर राहील हो..." आणि पदर डोळ्यांकडे निघालाच. म्हटलं, थांब! दाखवतो! भुयारी गाडी म्हणजे काय मोठं!

तुम्हाला सांगतो, खाली उतरणं सोपं असतं हो, वर येणं कठीण!

कारण स्टेशन एक, पण वर यायची दारं आठ! आणि धंदेवाल्याचे पाय म्हणजे घाण्याचा बैल, डोक्याला विचारतात कुठे? संग्रहालयाच्या स्टेशनावर उतरलो, मी पुढे, व्याही मागे, विहीणबाई त्यांच्या मागे, डावीकडे, जिना, उजवीकडे, जिना, ऐटीत म्हणालो, "हे बघा संग्रहालय!" आणि समोर काय? बटणगल्ली! घाऊक बाजार! आणि तिथला एक ओळखीचा दुकानदार एवढ्या मोठ्याने, "या शेठ! शिंपल्याची बटणं आलीत, आधी तुम्हीच बघा!"

व्याही म्हणाले, "हे संग्रहालय?"

"म्हणजे... संग्रह आहे."

"हं."

अहो, ते 'हं'! शंभर मुलं उन्हात उभी करणारं 'हं' ते! विहीणबाई मात्र शिंपल्याची बटणं हातात घेऊन उजेडात फिरवत होत्या. खूश!

पुढचं स्टेशन मनोऱ्याचं. म्हटलं, आता चूक नाही. वर आलो तर खोक्यांचं गोदाम! माझा माल तिथूनच बांधून जातो ना! खोकीवाला धावत आला, दोन खोकी उलटी टाकली, "पाहुणे का शेठ? बसा, बसा, पाणी घ्या!" व्याही खोक्यावर ताठ बसले. "मनोरा कुठे?" म्हटलं, "या इमारतीच्या मागे." "दिसत नाही." "इमारत मोठी आहे ना!" ...हं!

तुम्ही म्हणाल, पाट्या वाचायच्या! अहो, आपल्या घरात कोणी पाटी वाचून स्वयंपाकघरात जातं का? खाली उतरणं सोपं असतं हो, वर येणं कठीण!

आणि तिसऱ्या वेळी? तिसऱ्या वेळी तर वर आलोच नाही. ही गर्दी! व्याही उतरले, मी उतरलो, वळून बघतो तर दार बंद, आणि काचेच्या पलीकडे विहीणबाई! गाडी हलली. व्याह्यांनी काय केलं असेल? शिट्टी काढली आणि फुंकली! अख्खं स्टेशन थबकलं हो, गाडी सोडून!

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग बघतो तर ते गाडीमागे फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. हळूच म्हणाले, "ती एकटी कधी कुठे गेली नाही हो. फोनसुद्धा माझ्याच खिशात आहे तिचा." मी म्हटलं, झालं! गेली पोर! आता हा माणूस कशाला मुलाला आणि सुनेला इथे पाठवतोय!

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. "शेठ, मी सुईदोरेवाली. पुढच्या स्टेशनातली. तुमच्या विहीणबाई माझ्याकडे चहा घेतायत."

आता बघा, बाईची अक्कल बघा! पुढच्या स्टेशनला उतरल्या, रडल्या नाहीत, धावल्या नाहीत. एक टपरी शोधली, जिथे बटणं टांगलेली. आणि विचारलं, "ही बटणं कोणाकडून घेतेस गं?" माझ्याकडूनच की!

आम्ही धापा टाकत पोचलो, तर या आम्हालाच म्हणतात, "तुम्ही येईपर्यंत कारंजं बघून आले. काय सुरेख आहे!" आणि माझ्याकडे वळून, "व्याही, तुम्ही नाही बघितलं कधी?"

"पण वर कशा गेलात?" मी विचारलं.

"भिंतीवर बाण काढलेत की!"

व्याही स्टुलावर बसले, पाणी प्यायले. विहीणबाई म्हणाल्या, "आता पुरे. पोरांना येऊ दे इथे. मी हरवले ती चहा संपायच्या आत सापडले. आपल्या गावात तुमची छत्री हरवली, ती अजून सापडतेय!"

व्याही म्हणाले, "हं."

पण ते 'हं' वेगळं होतं हो! सावधान-विश्राममधलं नव्हतं ते.

आली पोर. दोन गल्ल्या सोडून राहते. आणि व्याही-विहीण दर महिन्याला येतात, म्हणजे विहीणबाई मला शहर दाखवायला येतात! "व्याही, तिकडे नाही, तिकडे बटणं आहेत, इकडे या!" पुढे त्या, मागे शिट्टीवाले, त्यांच्या मागे मी. संग्रहालय बघितलं, मनोरा बघितला, कारंजं तर दोनदा.

परवा परत येताना आमच्याच स्टेशनावर उतरलो. पाय निघाले नेहमीच्या दाराकडे, तशा विहीणबाई म्हणाल्या, "अहो, घराचं दार हे!" गेलो मागोमाग. वर आलो... समोर आमचा जिना! इतकी वर्षं मी अख्ख्या बाजाराला वळसा घालून घरी येतोय हो!

बायको दारातच. "आज लवकर कसे?"

काय सांगणार! म्हटलं, "पाहुणा आलोय. चहा टाक."