ऐन रोवणीत मातांचा मेळावा

अहो, मेळावा कोणासाठी? तर कामाला जाणाऱ्या आयांसाठी! आणि ठेवला कधी? ऐन रोवणीत, भर दुपारी! तुम्हाला सांगतो, बातम्या लिहिता लिहिता केस पिकले, पण मातांच्या मेळाव्यात एकही माता नाही, हे कोहमाऱ्याजवळच्या त्या गावातच पाहिलं! साऱ्या बाया बांधीत, धान रोवायला. मग खुर्च्यांवर कोण? पानठेल्यावरून उठवून आणलेले बाप!

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडम सुरू झाल्या. पोर उशिरा बोलतं? आई कामाला जाते ना! पोर फार बोलतं? आई कामाला जाते ना! नाक वाहतं? आई... अहो, नाकाचा काय संबंध!

मग चार वर्षांच्या सोनूला पुढे घेतलं, चित्र दाखवलं. सरकता जिना! "बाळा, हे काय?" पोर गप्प. आता सांगा, त्याने पाहिला कुठे तो? मॅडम हळहळल्या, "बघा, आई कामाला जाते ना... तिने घरी बसावं!" सोनूचा बाप मंगरू पुढच्याच रांगेत. लगेच म्हणतो, "मी कवाचा सांगून राहिलो तिले!" अरे बाबा, तू दिवसभर करतोस काय, हे कोणी विचारलं? छे! उलट पोराला घेऊन आला म्हणून शाल, नारळ, टाळ्या! आईने चार वर्षं कडेवर वागवलं ते गेलं चुलीत!

आणि टाळ्या संपताच हा आदर्श बाप मला म्हणतो, "साहेब, बांधीकडून चालले तं याले मायपाशी सोडून द्या ना!"

घेतलं गाडीवर. तर ते गप्प पोर रस्ताभर थांबेना! "थो बगळा... थे धानाचे पऱ्हे, रोवाचे... थो आमचा बांध... काका, तुमची गाडी काऊन खोकलते?" कुठून आलं एवढं बोलणं? आई कामाला जाते ना! बांधावर बसून शिकलं!

रुख्मा, त्याची आई, चिखलात वाकलेली. मी तावातावाने सारं सांगितलं. विचारलं, "काय बाई, सोडता काम?"

मान वर न करता म्हणाली, "सोडतो ना साहेब. रोवणी झाली का सोडतो. मंग कापणी, मंग मोहफूल, मंग तेंदूपत्ता... तेवढं झालं का पक्की घरी बसतो. पुढची रोवणी लागेपर्यंत उठतच नाही, सांगा मॅडमले!"